अजिंठा-वेरूळचा प्लॅन ठरलाय? जालन्याच्या उन्हात फिरताना सॅकमध्ये नेमकं काय असायला हवं, समजून घ्या

रविवारी सकाळी सहाला निघायचं, राजूरच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, भोकरदन-सिल्लोड करत अजिंठा गाठायचं आणि रात्री जेवायला जालन्यात परत. ग्रुपवर असा प्लॅन पडला की पहिल्या दहा मिनिटांत गाडी ठरते, पुढच्या दहा मिनिटांत कपड्यांचा रंग ठरतो. कोण किती पाणी घेणार, हे मात्र कुणीच विचारत नाही.

मग होतं असं की, पाच जणांत मिळून एक लिटरची एक बाटली, वेफर्सची चार पाकिटं, दोन पॉवर बँक आणि रील्ससाठी ट्रायपॉड. दुपारी एक वाजता लेण्यांच्या पायऱ्यांवर कुणाचं तरी डोकं दुखायला लागतं, कुणाला मळमळतं आणि सोबत आलेली आजी 'मी इथंच बसते' म्हणून सावली शोधते.

एका दिवसाच्या फिरण्याची बॅग ही साधी गोष्ट वाटते. पण आपल्याकडच्या उन्हात दिवस कसा जाणार, हे बऱ्याच अंशी त्या बॅगेवरच ठरतं. म्हणून बघूया, या बॅगेत काय भरायचं, किती भरायचं आणि काय घरीच ठेवायचं.

आधी हे समजून घ्या : आपण 'उष्ण कटिबंधात'च राहतो

'ट्रॉपिकल कंट्री' म्हटलं की डोळ्यासमोर बाली किंवा थायलंड येतं. पण कर्कवृत्त जातं भोपाळच्याही थोडं वरून. म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेला, उष्ण कटिबंधात येतो. जालना साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या उत्तरार्धात. जुलैत ढग असतात म्हणून ते जाणवत नाही. मे महिन्यात मात्र भर दुपारी आपलीच सावली पायाखाली गायब होते.

दुसरी गोष्ट, मोबाईलवर दिसणारं तापमान. हवामान खातं हवेचं तापमान मोजतं ते सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकावर. म्हणजे फोनवर '४० अंश' दिसत असेल, तर ते सावलीतले ४० असतात. उघड्या कातळावर, डांबरी रस्त्यावर किंवा मंदिराच्या फरशीवर शरीराला बसणारा चटका त्याहून कितीतरी जास्त असतो.

आकडा चाळिशीच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहणंही बरोबर नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी तिथलं तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदवलं गेलं होतं. तरीही कित्येक तास उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा जीव उष्माघातानं गेला. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यामुळे तापमानासोबत आपण उन्हात किती वेळ आहोत, सावली आणि पाणी मिळतंय का, हेही तितकंच महत्त्वाचं असतं.

बॅग केवढी हवी?

एका दिवसासाठी १५ ते २० लिटरची सॅक पुरते. म्हणजे कॉलेजला नेतो तेवढीच. एका खांद्यावरची शबनम किंवा साइड पर्स दिसायला छान, पण तीन किलो वजन घेऊन पायऱ्या चढताना एकच खांदा भरून येतो. दोन्ही खांद्यांवर पट्टे असलेली सॅक घ्या. बाजूला बाटलीचे दोन कप्पे असतील तर उत्तम, कारण पाणी काढायला बॅग उघडावी लागली की माणूस 'नंतर पिऊ' म्हणतो.

वजनाचा ढोबळ हिशोब असा ठेवा : भरलेली बॅग आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको. ६० किलोच्या माणसाला ६ किलो म्हणजे वरची हद्द. प्रत्यक्षात चार किलोंत काम भागतं.

पाणी : अंदाजानं नको, हिशोबानं

उन्हात काम करणाऱ्यांसाठी एक सोपा नियम सांगितला जातो. दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २४० मिलिलिटर पाणी. तहान लागण्याची वाट बघायची नाही.

आता आपल्या ट्रिपला हा नियम लावून बघा. दिवसभरात प्रत्यक्ष चालणं, चढणं धरलं चार तास. दर २० मिनिटांना एक पेला म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या जवळपास. चार तासांचे झाले तीन लिटर, तेही एका माणसाचे. पाच जणांचे १५ लिटर.

हे सगळं पाठीवर न्यायचं नाही, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. गाडीनं जात असाल तर २० लिटरचा जार डिकीत टाका आणि प्रत्येकानं आपापली एक लिटरची बाटली दोन-तीनदा भरून घ्या. एसटीनं जात असाल तर दोन बाटल्या सोबत ठेवा आणि बसस्थानकावर, हॉटेलात जिथं खात्रीचं पाणी मिळेल तिथं भरा. एका दमात खूप पाणी पिऊन टाकणंही चांगलं नाही. तासाला दीड लिटरच्या आत राहा.

किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं. त्यांनी हा हिशोब न लावता डॉक्टरांना विचारूनच निघावं.

ओआरएस घ्या, पण पाकीट वाचून

घामातून पाण्यासोबत मीठही जातं. म्हणून बॅगेत ओआरएसची दोन-तीन पाकिटं असू द्या. वजन जवळजवळ नाहीच. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात आणि छोटं २०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं. 'अर्धं आता, अर्धं नंतर' असं केलं की प्रमाण चुकतं.

दुकानात मिळणारी गोड, फ्लेवरवाली तयार पेयं म्हणजे ओआरएस नाही. यातल्या अनेक पेयांवर 'ओआरएस' हा शब्द मोठ्या अक्षरात छापलेला असायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात आणि लेबलवर हा शब्द वापरायला मनाई केली. खऱ्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो, तो बघून घ्या.

पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा, छोटा. ताक, लिंबू सरबतही चालेल.

आणि तो खिशातला कांदा?

उन्हात जाताना खिशात कांदा ठेवायचा, हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं. खिशातला कांदा शरीराचं तापमान कमी करतो, असं मानायला काही आधार नाही. कांदा न्यायचाच असेल तर डब्यात न्या आणि धपाट्यासोबत खा. त्या खिशात ओआरएसचं पाकीट ठेवा.

खायला काय?

इथं मराठवाड्याचं स्वयंपाकघर आधीपासूनच तयार आहे. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले फुटाणे, गूळ-शेंगदाणे. हे पदार्थ प्रवासासाठीच जन्माला आलेत म्हटलं तरी चालेल, कारण त्यात पाण्याचा अंश कमी असतो आणि ते लवकर उतरत नाहीत.

दहीभात, पनीर, अंडी, खोबऱ्याची ओली चटणी, मेयोनीज लावलेली सँडविच मात्र उन्हाळ्यात टाळा. ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर असं नाशवंत अन्न बाहेर एका तासापेक्षा जास्त ठेवू नये, असा नियम आहे. बंद गाडीतल्या डब्यासाठी तर तासभरसुद्धा जास्तच.

फळांत आपल्या जिल्ह्याचीच मोसंबी घ्या. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे. साल जाड, त्यामुळे बॅगेत दबत नाही, आणि सोलली की पाणी, साखर दोन्ही मिळतं. कापलेलं कलिंगड रस्त्यावर घेण्यापेक्षा हे सुरक्षित.

कपडे, टोपी, चप्पल

सैल, सुती, फिकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. बिनबाह्यांच्या कपड्यांत गार वाटतं हा समज आहे, कारण ऊन थेट कातडीवर पडतं. शेतात काम करणारी माणसं भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला उपरणं का बांधतात, याचं उत्तर यातच आहे.

बॅगेत एक मोठं सुती उपरणं किंवा स्टोल हवाच. डोक्याला बांधता येतं, ओलं करून मानेवर टाकता येतं, बसायला अंथरता येतं, मंदिरात खांदे झाकता येतात. सोबत घाम पुसायला एक दस्ती. टोपी घेणार असाल तर चारही बाजूंनी काठ असलेली घ्या. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडीच ठेवते.

सनस्क्रीन लावत असाल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त आणि दर दोन तासांनी पुन्हा. सकाळी घरून लावून निघालात आणि दिवसभर निश्चिंत राहिलात तर दुपारी त्याचा उपयोग संपलेला असतो.

पायात मळलेले, सवयीचे बूट किंवा मागून पट्टा असलेले सँडल. नवे बूट ट्रिपच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आणि बॅगेत एक जोडी मोजे टाकाच. कारण अजिंठ्याच्या चित्रं असलेल्या लेण्यांमध्ये चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात, मंदिरात तर काढावेच लागतात. दुपारी तापलेल्या दगडावर अनवाणी चालताना मोज्यांची किंमत कळते.

औषधं : सगळं दुकान नको

रोजच्या गोळ्या मूळ पाकिटासकट घ्या आणि एक दिवसाच्या जास्त घ्या. बीपीच्या काही गोळ्या लघवीचं प्रमाण वाढवतात, त्यामुळे उन्हात पाणी लवकर कमी होऊ शकतं. घरच्या मोठ्यांना अशी गोळी सुरू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. इन्सुलिन असेल तर थंड पाऊचमध्ये ठेवा, पण बर्फाला थेट चिकटून नको आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको.

बाकी चिकटपट्ट्या, थोडा कापूस, जंतुनाशक मलम, पॅरासिटॅमॉल आणि गाडी लागत असेल तर त्याची गोळी. सॅनिटरी पॅड, टिश्यू आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. डास चावू नयेत म्हणून मलम घ्या, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

तीव्र वासाचा परफ्यूम मात्र घरी राहू द्या. लेणी, किल्ले आणि डोंगरकड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या चवताळतात.

फोन, पॉवर बँक आणि कागदपत्रं

फोनलाही ऊन लागतं. ॲपलसारखी कंपनी स्वतःच सांगते की फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. म्हणून तापला की तो आपोआप स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. फोन बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीत फोन किंवा पॉवर बँक सोडून जाऊ नका.

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण सहा हजारांच्या आसपासच मिळतात. म्हणजे मोठ्या बॅटरीचा फोन एकदा भरून थोडं उरतं. नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. डोंगराळ भागात रेंज जाते आणि रेंज शोधताना बॅटरीही लवकर उतरते.

यूपीआय असलं तरी पाचशे रुपये सुट्ट्या नोटांत असू द्या. ओळखपत्रही घ्या, कारण एसटीत त्याचे थेट पैसे वाचतात. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो.

ठिकाणाप्रमाणे बॅग बदलते

*अजिंठा :* सोमवारी बंद असतं, हे आधी लक्षात ठेवा. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावून पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या शटल बसनं जावं लागतं. म्हणजे 'गाडीत आहे' म्हटलेली वस्तू दिवसभर हाताशी नसते. पाण्याच्या बाटल्या बसमध्ये चढण्याआधीच भरून घ्या. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारख्या कड्यात ३० लेणी आहेत, त्यामुळे सुरुवातीच्या पायऱ्या आणि नंतर बरंच चालणं आहे. चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. ट्रायपॉडला परवानगी लागते, तो घरी ठेवला तर एक किलो वाचेल. आत अंधार असतो, तेव्हा बाहेरून आल्यावर डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा.

*वेरूळ :* हे मंगळवारी बंद. ३४ लेणी, पण लांबच लांब पसरलेली आणि मधला रस्ता उन्हातला. इथं आणि अजिंठ्यालाही माकडांचा वावर आहे. खाऊची पिशवी हातात लटकवली तर ती हिसकली जाणार, हे गृहीत धरा. सगळं सॅकच्या आत, चेन लावून.

*राजूर, अंबड, जांब समर्थ :* राजूरचा गणपती साडेतीन पीठांपैकी एक मानला जातो आणि अंगारकीला लोक रात्रीच पायी निघतात. अशा गर्दीत बॅग छोटी, पुढच्या बाजूला आणि लहान मुलांच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. अंबडची मत्स्योदरी देवी टेकडीवर आहे, त्यामुळे पाणी आणि मोजे. जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. इथं जाताना रस्त्यात मोठी हॉटेलं मिळतील असं गृहीत न धरता डबा सोबत घ्या.

*असई, भोकरदन :* २३ सप्टेंबर १८०३ ला असईला इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांमध्ये मोठी लढाई झाली. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन, केळणा नदीच्या काठी तिथं लेणी आहेत. ही ठिकाणं अजून 'टुरिस्ट स्पॉट' झालेली नाहीत, म्हणून पाणी, खाणं, टिश्यू सगळं स्वतःचं न्या.

*पावसाळ्यात :* रेनकोट छत्रीपेक्षा बरा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. बॅगेच्या आत एक मोठी प्लास्टिक पिशवी अंथरून त्यात सगळं ठेवा. एप्रिल-मे महिन्यातला अवकाळी आणि परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते फोनमध्ये ठेवा. गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नका.

बॅग भरायची कशी?

जड वस्तू, म्हणजे जादा बाटली आणि डबा, पाठीला चिकटून आणि मध्यभागी. कपडे तळाशी. ओआरएस, औषधं, दस्ती वरच्या कप्प्यात, न बघता हाताला लागतील अशी. ग्रुपमध्ये एकाकडेच सगळी औषधं नकोत, कारण लेण्यांमध्ये लोक पांगतात. प्रत्येकाकडे पाणी आणि एक ओआरएस असलंच पाहिजे.

बॅगेपेक्षा महत्त्वाचं : ही लक्षणं ओळखा

खूप घाम, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, पायात गोळे ही पहिली घंटा आहे. लगेच सावलीत बसवा, ओआरएस घोट घोट द्या, पुढचं फिरणं थांबवा.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, गोंधळला, झटका आला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग भट्टीसारखं तापलं असेल तर तो उष्माघात असू शकतो. यात शरीराचं तापमान ४० अंशांवर जातं. अशा वेळी वेळ घालवायचा नाही.

– १०८ वर फोन करा.
– सावलीत न्या, कपडे सैल करा.
– अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा.
– बेशुद्ध किंवा गोंधळलेल्या माणसाला तोंडानं पाणी देऊ नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत शरीर थंड करत राहणं, हेच सगळ्यात मोठं काम. बॅगेतलं उपरणं आणि पाणी इथं कामाला येतं.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

– पाणी : जवळ किमान एक लिटर, भरून घ्यायची सोय ठरलेली
– ओआरएस २-३ पाकिटं
– धपाटे किंवा दशम्या, कोरडी चटणी, फुटाणे, मोसंबी
– उपरणं किंवा स्टोल, दस्ती, काठाची टोपी
– मोजे
– सनस्क्रीन, डासांचं मलम
– रोजच्या गोळ्या, चिकटपट्ट्या, पॅड, टिश्यू
– फोन, पॉवर बँक, ऑफलाइन नकाशा
– ओळखपत्र, सुट्टे पैसे
– कचऱ्याची पिशवी
– पावसाळ्यात रेनकोट आणि आतली प्लास्टिक पिशवी

हीच यादी उद्या बँकॉक किंवा बालीला गेलात तरी चालते. फक्त त्यात पासपोर्टची झेरॉक्स, हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद आणि मंदिरांसाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे वाढवा. तिथली हवा दमट असते, घाम वाळत नाही, म्हणून एक जादा टी-शर्ट.

आणि शेवटचं, जे कुठल्याच बॅगेत मावत नाही ते म्हणजे वेळ. उन्हाळ्यात शक्य तेवढं फिरणं सकाळी अकराच्या आत उरका, बारा ते तीन सावलीत जेवण आणि आराम, उरलेलं चारनंतर. लेणी दोन हजार वर्षं तिथंच आहेत. चार लेणी पुढच्या वेळी बघितली तरी चालतील, सोबत आलेली सगळी माणसं धडधाकट घरी पोहोचली पाहिजेत.